गोत्र एक्केचाळीस

शर्मिला मगदूमच्या तोंडून तो शब्द पहिल्यांदा गेला तेव्हा खोलीत हशा पिकला होता, आणि तिला त्या हशाचा अभिमानच वाटला होता.

निंबाळे हे द्राक्षपट्ट्यातलं तालुक्याचं गाव. तिथल्या एचआयव्ही उपचार केंद्रात शर्मिला समुपदेशक होती. स्वतः एचआयव्हीसह जगणारी. ट्रक चालवणारा नवरा लग्नानंतर दोन वर्षांतच गेला आणि जाताना आजार मागे ठेवून गेला. तेव्हापासून गोळ्या, आणि पुढे त्याच गोळ्या दुसऱ्यांना समजावून सांगायची नोकरी. त्या दिवशी जिल्ह्याचे डॉक्टर हेर्लेकर केंद्रात नवं यंत्र घेऊन आले होते आणि पडद्यावर चित्रं दाखवून रुग्णांना क्लस्टर, म्युटेशन, रेझिस्टन्स असं काहीबाही सांगत होते. सगळं लोकांच्या डोक्यावरून जात होतं.

पुढच्या बाकावर दगडूआप्पा बायकोला घेऊन बसले होते. ते शेवटी म्हणालेच, "सायेब, आमच्या रक्तात काय निगालंय त्ये तरी सांगा की. चांगलं हाय का वंगाळ?"

हेर्लेकर घाम पुसू लागले. शर्मिला पुढे झाली. "आप्पा, सोपं आहे. माणसाला गोत्र असतं ना, तसं या विषाणूलाही असतं. तुमचं गोत्र बारा. माझंही बाराच. हा डबा रक्त बघून गोत्र सांगतो आणि गोत्र बघून औषध ठरतं. झालं!"

"आस्सं! मग इतका येळ ह्ये सायेब कशाला भांडत हुते आमच्याशी?"

खोली हसली. हेर्लेकरही हसले. महिन्याभरात जिल्हाभर भित्तीपत्रकं लागली: 'आपल्या विषाणूचं गोत्र ओळखा, योग्य औषध घ्या.' खाली हसऱ्या जोडप्याचं चित्र. शर्मिलाने त्यातलं एक घरी नेऊन मुलीला दाखवलं. पूर्वा तेव्हा शाळेत होती. "आई, तू तर जाहिरातवाली झालीस," ती म्हणाली.

तो डबा म्हणजे काय होतं हे इथे सांगून टाकलेलं बरं. जनुकवाचक हे त्याचं कागदावरचं नाव. आकार जेवणाच्या डब्याएवढा. बोटातल्या रक्ताच्या एका थेंबातून तो विषाणूची सगळी संहिता वाचायचा. ही संहिता नऊ-दहा हजार अक्षरांची असते आणि विषाणू तिची नक्कल करताना सारखा चुकतो. एकदा झालेली चूक पुढच्या प्रत्येक नकलेत तशीच उतरते. दोन मुलांच्या उत्तरपत्रिकेत एकच विचित्र चूक सापडली की मास्तरांना कळतं, यांनी एकाच ठिकाणाहून उतरवलंय. यंत्र तेच करायचं. ज्यांच्या विषाणूंत त्याच त्या चुका, ते एका घराण्याचे. औषधाने विषाणू रक्तात दिसेनासा झाला तरी त्याची एक प्रत पेशींच्या पोटात लपून बसलेली असते, डबा तीही वाचायचा. राज्यभरच्या डब्यांची माहिती एका ठिकाणी जमा व्हायची, आणि एखादं घराणं झपाट्याने वाढताना दिसलं की त्या भागात प्रतिबंधक इंजेक्शनांची गाडी पोचायची. आग कुठे लागलीय हे धूर दिसण्याआधी कळायचं.

त्याचा गुण आला. खोटं कशाला बोला? नव्या लागणी पाच वर्षांत इतक्या उतरल्या की केंद्राचा अर्धा व्हरांडा रिकामा पडू लागला. आजार घेऊन जन्मलेलं मूल तर त्या पाच वर्षांत निंबाळ्यात कुणी पाहिलंच नव्हतं.

या घराण्यांपैकी एक्केचाळीस नंबरचं तेवढं वेगळं होतं. बाकी सगळ्यांना सहा महिन्यांतून एक इंजेक्शन पुरायचं. एक्केचाळीसच्या विषाणूने जुन्या अर्धवट उपचारांतून एक युक्ती शिकून घेतली होती, त्याच्यावर ते इंजेक्शन चालत नसे. त्या लोकांना रोजच्या गोळ्या घ्याव्या लागत. गोळ्या नियमित घेतल्या की तीही माणसं इतरांइतकीच ठणठणीत, त्यांच्यापासूनही कुणाला लागण होत नसे. फरक एवढाच.

पूर्वा एक्केचाळीस होती. तिची जन्मदाती याच केंद्राच्या दारात आली ती अखेरच्या अवस्थेत, कडेवर तीन वर्षांची पोर घेऊन. ती गेल्यावर पोरीला घेऊन जायला कुणी आलं नाही, म्हणून शर्मिलाने तिला घरी नेलं आणि नंतर रीतसर दत्तक घेतलं. पूर्वाचा नंबर त्या दोघींनाच ठाऊक होता.

सोबती मंडळ ही जिल्ह्यातल्या एचआयव्हीसह जगणाऱ्यांची संस्था. शर्मिलाने आणि शैलजा पाटणेंनी मिळून ती उभी केली होती. मंडळाचा वधू-वर मेळावा दरवर्षी मंगल कार्यालयात भरायचा. आपल्यासारख्यांना आपल्यासारखा जोडीदार मिळावा, खोटं बोलून लग्न करावं लागू नये, हा हेतू. किती संसार त्यातून उभे राहिले.

एका वर्षी एक मुलगा माइकवर आला. नाव, शिक्षण, नोकरी सांगून झाली आणि शेवटी तो म्हणाला, "गोत्र सात." शर्मिलाला गंमत वाटली. पुढच्या मुलीनेही सांगितलं. दुपारपर्यंत सगळेच सांगू लागले. जेवणाच्या वेळी एक बाई तिच्याजवळ आल्या. "ताई, पोरगा चांगलाय हो, पण दोघंबी बाराच निगाले. सगोत्र कसं करायचं?"

"अहो, हे ते गोत्र नव्हे!" शर्मिला म्हणाली. "दोघं औषधावर असतील तर कुणाचा विषाणू कुणाला लागतच नाही. आणि समजा औषध चुकलं, तर दोघांचा एकच असलेला उलट बरा."

बाईंनी ऐकून घेतलं, मान डोलावली आणि म्हणाल्या, "पण तुमीच गोत्र म्हनून सांगितलासा की."

शर्मिलाने डोक्याला हात लावला. मंडळाच्या बैठकीत तिने विषय काढला, तर शैलजाताई हसून म्हणाल्या, "जाऊ दे गं. लोकांना कशात तरी समाधान मिळतंय. जातपात सोडली बिचाऱ्यांनी, एवढं तरी मानू दे." शैलजाताई मनाच्या वाईट नव्हत्या. मंडळासाठी त्यांनी आपली शिक्षिकेची नोकरी पणाला लावली होती.

पण मानणं तिथेच थांबलं नाही. सगोत्र नको इथून सुरुवात झाली आणि एक्केचाळीस तर अजिबातच नको इथवर गाडी गेली. त्यांना रोज गोळ्या लागतात, त्यांचा विषाणू 'कडक' असतो, त्यांच्या घरात पोरगी दिली तर पुढची पिढी बुडाली. पुढच्या मेळाव्याला रेश्मा नावाच्या मुलीने भोळेपणाने आपला नंबर सांगितला. तिच्या आईने सगळ्यांसाठी बेसनाचे लाडू केले होते. ते डबा भरून आले तसेच डबा भरून परत गेले. ज्यांच्या घरांनी कधीकाळी त्यांचं ताट वेगळं ठेवलं होतं, त्याच माणसांनी ते लाडू खाल्ले नाहीत. शर्मिलाचा संताप झाला. तिने सगळ्यांदेखत दोन लाडू खाल्ले, पण तिच्या मागून कुणी हात पुढे केला नाही. शेजारी बसलेली पूर्वा खाली मान घालून मोबाईल बघत होती. तिनेही लाडू घेतला नाही.

त्यानंतर रेश्मा केंद्रात यायची थांबली. मग आणखी दोघं. फोन लागेनात, घरी जावं तर कुलूप. जिल्ह्याच्या बैठकीत हेर्लेकरांनी पडद्यावर उतरती रेघ दाखवली. "एक्केचाळीसच्या नोंदी निम्म्यावर आल्या. हे घराणं संपत आलंय. अभिनंदन!"

"सर, माणसं संपली नाहीत," शर्मिला म्हणाली. "यायची बंद झालीत."

"मगदूम बाई, मी आकड्यांवर विश्वास ठेवतो," हेर्लेकर म्हणाले, आणि टाळ्यांमध्ये तिचं बोलणं वाहून गेलं.

पूर्वा शिकून बेदाण्याच्या शीतगृहात गुणवत्ता तपासनीस म्हणून लागली. तिथली यंत्रं दुरुस्त करायला सुयश यायचा, शैलजाताईंचा धाकटा. तोही जन्मापासून औषधावर, गोत्र सात. मितभाषी, हातात सतत पक्कड नाहीतर पान्हा. दोघांचं जमलं. शैलजाताईंना कळलं तेव्हा त्यांनी स्वतः फोन केला आणि दोघी मायलेकींना घरी बोलावलं.

चहा-पोहे झाले. शैलजाताई म्हणाल्या, "शर्मिला, पोरगी मला पहिल्यापासून आवडते. एकच विचारायचं राहिलं. मी अध्यक्ष पडले, लोक मलाच विचारणार. तेवढं गोत्र..."

खरं सांगायचं शर्मिलाने घरूनच ठरवून आणलं होतं. इतक्या वर्षांची मैत्रीण आहे, ऐकून घेईल. तिने तोंड उघडण्याआधीच पूर्वाने फोन पुढे धरला. "अठरा, काकू."

फोनवर सरकारी कार्ड होतं, शेजारच्या तालुक्यातल्या केंद्राचं. गोत्र अठरा, सहामाही इंजेक्शन चालू. शैलजाताईंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी उठून पूर्वाच्या हातावर साखर ठेवली, आणि शर्मिलाच्याही. शर्मिलाने ती खाल्ली.

घरी येऊन दार लावल्यावर तिने विचारलं, "कुणाचं रक्त होतं?"

"मनालीचं." मनाली ही शीतगृहातली मैत्रीण. "नवीन नोंदणी केली. नाव विचारत नाहीत ना. तुझाच नियम."

नियम खरंच तिचा होता. नाव आणि नंबर कधीही एकत्र ठेवायचे नाहीत, यासाठी शर्मिला जिल्हाधिकारी कचेरीसमोर उपोषणाला बसली होती.

"अगं, त्या इंजेक्शनचा तुला पाण्याएवढासुद्धा उपयोग नाही! मरशील!"

"मी गोळ्या घेईन की. लपवून. तू आणून दे."

"मी उद्या जाऊन शैलजाताईंना खरं सांगते."

"सांग," पूर्वा म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "मग माझ्यासाठी दुसरं कोण आणशील तेही सांग. रेश्माच्या आईचे लाडू बघितलेस ना? आई, हा शब्द मी नाही काढला."

शर्मिलाला खूप काही बोलता आलं असतं. पण मुलीचं लग्न मोडायचं आणि तेही आपल्याच शब्दाने, एवढं तिच्याच्याने झालं नाही. ती दुसऱ्या दिवशी केंद्रात गेली आणि कपाटातून एक्केचाळीसच्या गोळ्या काढल्या.

लग्न थाटात झालं. मंडळात कौतुक झालं. लग्नानंतर सुयश आणि पूर्वाची कार्डं संमतीने जोडली गेली. जोडताना बोटाचा ठसा घेत, म्हणून पुढे दुसऱ्या कार्डावर तपासणी करता येत नसे. ही सोय नवी होती आणि चांगली होती. एकाच्या रक्तात विषाणू वाढला किंवा बदलला की दुसऱ्याच्या फोनवर लगेच सूचना, म्हणजे कुणी कुणाला अंधारात ठेवायला नको. शर्मिलाने मंडळात या सोयीच्या बाजूने भाषण केलं होतं. आता तिचा अर्थ एवढाच होता, की पूर्वाच्या बोटातून रक्ताचा थेंब डब्यात पडला की अठराच्या जागी एक्केचाळीस दिसणार आणि सुयशचा फोन वाजणार. वर्षाची तपासणी येईपर्यंत तरी तिचं रक्त तपासायची सोय उरली नाही.

लोहाच्या गोळ्यांची बाटली रिकामी करून शर्मिला तिच्यात खऱ्या गोळ्या भरायची आणि पूर्वाला द्यायची. "रोज एक. चुकवायची नाही." "हो गं आई." सणावाराला पूर्वा यायची तेव्हा छान दिसायची. हसायची, सुयशची नक्कल करायची. शर्मिलाने विचारलं की म्हणायची, "घेते की." आणि शर्मिला, जिला हजार रुग्णांचं खोटं डोळे बघून कळत होतं, ती स्वतःच्या मुलीच्या डोळ्यांकडे बघायचीच नाही.

सातव्या महिन्यात पूर्वा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. रिक्षातून उतरली तेव्हाच शर्मिलाला काय ते कळलं. पोट तेवढं पुढे, बाकी अंगावर मांस नाही. जिभेवर पांढरा थर. असा थर तिने जुन्या काळी वॉर्डात पाहिला होता, पूर्वाच्या जन्मदातीच्या तोंडातही.

"गोळ्या?"

पूर्वा पलंगावर बसली आणि रडू लागली. "थोरल्या जाऊबाईंना अशक्तपणा होता. सासूबाईंनी माझी बाटली पाहिली. म्हणाल्या, सुनेच्या माहेरचं लोह आहे, चांगलं असणार, दोघींनी मिळून घ्या. मी नको कसं म्हणू? पुढे नणंद आली, तीही घ्यायची. बाटली देवघराच्या फळीवर ठेवली होती, सकाळी सगळ्यांना एकेक. माझ्या वाट्याला कधी यायची, कधी संपलेली असायची."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू अजून एक बाटली दिली असतीस. तीही वाटली असती."

हे इतकं खरं होतं की शर्मिलाला रडावं का हसावं कळेना. एका चांगल्या घराने एक चांगली वस्तू वाटून खाल्ली होती. यात रागवायचं कुणावर?

"ऊठ. आत्ता केंद्रात जायचं. रक्त तपासायचं. दोन महिने हातात आहेत, नीट औषध लागलं तर बाळ सुटेल."

"सुयशचा फोन वाजेल."

"वाजू दे!"

"आई, मला त्या घरात परत जायचंय." पूर्वाने तिचा हात घट्ट धरला. "तू गोळ्या दे, मी तुझ्यासमोर घेते. बाळंतपणाच्या वेळी तपासतातच. तोवर कमी झालेलं असेल, बाळ चांगलं निघेल. मग कळलं तरी चालेल. बाळ चांगलं असलं की माणसं पुष्कळ विसरतात."

दुसरी कुठलीही बाई अशी समोर बसली असती तर शर्मिलाने तिला हाताला धरून नेलं असतं, प्रसंगी ओरडली असती. इथे ती आई झाली. तिने गोळी आणि पाण्याचा पेला पुढे केला. त्या दिवसापासून ती समोर उभी राहून गोळी गिळलेली बघायची, तोंड उघडून दाखवायला लावायची. पूर्वाच्या अंगावर थोडं मांसही चढलं. शर्मिलाने स्वतःची समजूत घातली की होतंय सगळं ठीक.

होत नव्हतं. सासरी कधी गोळी, कधी नाही, असं चाललं होतं त्या काळात विषाणूने आणखी एक युक्ती शिकून घेतली होती. आता त्या गोळ्याही त्याला निम्म्याच लागू पडत होत्या. तिसरं औषध निंबाळ्याच्या कपाटात होतं. ते द्यायला हवं, हे फक्त डबा सांगू शकला असता.

मुलगी झाली. जिल्ह्याच्या रुग्णालयातून आईचा आणि बाळाचा अहवाल एकदमच आला. दोघींचं गोत्र एक्केचाळीस, बाळाला लागण. त्या क्षणी पाच गावं पलीकडे सुयशचा फोन वाजला असणार. शर्मिलाने बाळाला तिसरं औषध सुरू केलं, आईलाही केलं. बाळाने ते थुंकून थुंकून का होईना पोटात घेतलं. पूर्वाच्या फुप्फुसांत तोवर न्यूमोनिया बसला होता. ती आठवडाभर झुंजली. शेवटच्या दिवशी तिने विचारलं, "तो आला होता का?"

"येतोय," शर्मिला म्हणाली. आयुष्यात तिने मुलीला एवढं एकच खोटं सांगितलं, आणि तेही पूर्वाने ओळखलं.

सुयश आला तो दहाव्याला, आईबरोबर. तो अंगणातच उभा राहिला. शैलजाताई आत आल्या. बाळाकडे त्यांनी पाहिलं नाही. शर्मिला शिव्या खायच्या तयारीने बसली होती. पण शैलजाताईंनी दार लोटलं आणि तिच्या पायाशी बसकण मारली.

"शर्मिला, तूच सांग. सुयशला लागलं असेल का गं तिचं?"

"असेल. त्याच्या इंजेक्शनाने ते अडत नाही. आत्ता त्याचं रक्त तपासू. औषध आहे शैलजाताई. बघ, बाळाला लागू पडतंय. सुयशला काही होणार नाही."

"तपासलं की कार्डावर येईल."

"येऊ दे ना."

"तू तुझं बोट दे." शैलजाताईंनी तिचे दोन्ही हात धरले. "तुझं बारा आहे. त्याच्या नावाने तुझं रक्त टाक. मी मंडळाची अध्यक्ष आहे गं! माझ्या थोरल्याच्या पोरी आहेत घरात, त्यांचं काय होईल? तुझ्या पोरीने केलं तेव्हा गप्प बसलीस ना? मग माझ्या पोरासाठी एवढं कर."

मुलगी गेल्यापासून शर्मिला रडली नव्हती, आता रडली. "त्यानेच मेली ती," ती म्हणाली. "मी गप्प बसले म्हणून मेली. तुझ्या मुलाला मी नाही मारणार."

ती बाहेर अंगणात गेली. "सुयश, आत ये. एक थेंब, एवढंच. ये बाळा."

सुयश एक पाऊल पुढे आला. त्याचे डोळे सुजलेले होते. शैलजाताई दारात आल्या आणि एवढंच म्हणाल्या, "गाडी काढ." त्याने आईकडे पाहिलं, शर्मिलाकडे पाहिलं, आणि गाडी काढली. नंतर शर्मिलाने केलेले फोन त्याने घेतले नाहीत.

मंडळात शैलजाताईंनी सांगितलं, सून बाळंतपणात गेली, नात आजोळी आहे. दोन्ही गोष्टी खऱ्याच होत्या. लोकांनी हळहळ व्यक्त केली.

पुढच्या मेळाव्याला शर्मिला गेली ती नातीला कडेवर घेऊन, शेवटच्या रांगेत बसायला. पोर आता मान धरू लागली होती, औषध व्यवस्थित चालू होतं. नावं पुकारली जात होती. आणि माइकवर सुयश आला. पांढरा शर्ट, खाली मान. बाजूला उभ्या असलेल्या शैलजाताईंनीच त्याच्या वतीने सांगितलं, "विधुर. यंत्र दुरुस्तीचा स्वतःचा व्यवसाय. गोत्र तेवीस."

तेवीस! कुणाचं बोट मिळालं होतं कुणास ठाऊक. शर्मिलाने सुयशकडे नीट पाहिलं. शर्टाची गळपट्टी गळ्याभोवती सैल झाली होती, गालांची हाडं वर आली होती. दुसऱ्या रांगेत स्नेहल वाघमोडे नावाची मुलगी आपल्या आईच्या कानाशी काहीतरी कुजबुजली, आणि आईने खुशीने मान हलवली.

रुग्णाची माहिती चारचौघांत सांगितली तर समुपदेशकाची नोकरी जाते, वर शिक्षा होते. हा कायदा शर्मिलाला तोंडपाठ होता, तो ती दरवर्षी नव्या लोकांना शिकवायची. ती उठली, बाळाला घेऊन व्यासपीठावर चढली आणि माइक ओढून घेतला.

"या सुयशची बायको माझी पूर्वा होती. ती एक्केचाळीस होती. ही माझी नात, हीसुद्धा एक्केचाळीस. आणि सुयशला आज औषध मिळालं नाही तर तोही जाईल." तिने बाळाला दुसऱ्या कडेवर घेतलं. "पूर्वा काही गोत्राने मेली नाही. गोत्र लपवावं लागलं म्हणून चुकीचं औषध मिळालं, त्याने मेली. गोळी वेळेवर घेणाऱ्या माणसाचा विषाणू कुणालाही लागत नाही, मग नंबर कुठलाही असो. सगोत्र नाही, कडक नाही, काही नाही! हा शब्द मी काढला होता. लोकांना पटकन समजावं म्हणून काढला. चुकलं माझं. तुमच्या पाया पडते, हा शब्द सोडा."

शैलजाताई मटकन खुर्चीत बसल्या. सुयशने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग माणसं उठू लागली. व्यासपीठाच्या जवळच्या दोन रांगा आपोआप रिकाम्या झाल्या. शर्मिला खाली उतरली तेव्हा तिच्याभोवती चांगली मोकळी जागा होती. एवढ्या माणसांतून एकच बाई तिच्याकडे आली, स्नेहलची आई. तिचे डोळे भरून आले होते. तिने शर्मिलाचा बाळाखालचा हात घट्ट धरला.

"लई उपकार झाले बगा ताई, येळेवर सांगितलासा. माजी पोर वाचली." तिने पदराने डोळे टिपले. "आता आमी कार्डावर इस्वास ठेवनार न्हाई. हितंच आमच्यादेखत रक्त काडून, नीट गोत्र बगूनच करनार."

एवढं बोलून ती नळावर गेली, हात धुतले आणि मुलीला घेऊन पंगतीत बसली.